नव्या शहरात बिऱ्हाड करताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही तरी उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. विषय मात्र त्यांनी माझ्यावरच सोपवला. तो शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. मे-जून महिना आला, की आपल्या भागातल्या जिन्याजिन्यांतून सामान उतरते आणि चढते. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कोणाच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. मग आपल्यापैकी प्रत्येकीला दूरच्या कोणा नणंदेचा, भाचीचा, मैत्रिणीच्या सुनेचा फोन येतो, ‘आम्ही पुण्याला येतो आहोत, कुठल्या भागात जागा पाहू?’ आपण चटकन आपल्याच भागाचे नाव सांगतो आणि मोकळ्या होतो. आज या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करू या.

यजमानांच्या बदलीच्या नोकरीमुळे माझी स्वतःची सात बिऱ्हाडे झाली. जळगाव, अकोला, सोलापूर, कोल्हापूर असे करीत आम्ही पुण्यास आलो आणि पुण्यातही तीन जागा झाल्या. या सात बिऱ्हाडांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. आपण म्हणतो, घर भाड्याने घेतले. पण खरे पाहता भाडे देतो ते वस्तीचे. खोलीला रंग देता येतो, खिडकीला जाळी बसवता येते, मोरीची गळती थांबवता येते. नळाला पाणी किती वाजता यावे, बसचा थांबा कुठे असावा, समोरच्या दाराने आपल्याकडे पाहून हसावे की तोंड फिरवावे, हे मात्र आपल्या हाती नसते. म्हणून आधी वस्ती पाहावी आणि मग घर. आणि वस्ती पाहायला जिचा दिवस तिथे जाणार, तिने स्वतः जावे.

आपल्याकडे होते काय, की ज्याची नोकरी त्याच्या कचेरीजवळ जागा घेतली जाते. यात गैर काहीच नाही. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, माणूस लवकर घरी येतो. पण कचेरीतला माणूस सकाळी जातो तो रात्रीच परततो. मधले दहा-बारा तास त्या वस्तीत राहतात ती म्हातारी माणसे, मुले आणि घर सांभाळणारी बाई. माझ्या ओळखीचे एक कुटुंब अमरावतीहून आले. मुलगा हिंजवडीला नोकरीस, म्हणून तिथून जवळच, मोकळ्या जागेत उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत त्यांनी सदनिका घेतली. हवा छान, उजेड छान, वर-खाली करायला लिफ्ट. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. अमरावतीत रोज सकाळी देवळात जाऊन, येताना भाजी घेऊन, चार जणींशी बोलून घरी येण्याचा त्यांचा परिपाठ. इथे फाटकाबाहेर पडले की रुंद रस्ता आणि त्यावर धावणाऱ्या गाड्या. पायी जाण्याजोगे देऊळ नाही, भाजीवाली नाही. भाजी फोनवरून येई. चार महिन्यांत त्या बाई दुपारी दोन वाजताच ‘आता किती वाजले?’ असे विचारू लागल्या. सून शहाणी. तिने नवऱ्याला एका रविवारी कागदावर घरातल्या प्रत्येकाचा दिवस मांडून दाखवला: कोण किती वाजता कुठे असते, कोणाला पायी कुठे जाता येते, कोण दिवसभरात कोणाशी बोलते. सासूबाईंच्या रकान्यात दुपारभर काहीच लिहिता येईना. पुढे त्यांनी कोथरूडच्या जुन्या भागात दोन लहान खोल्या घेतल्या. मुलाचा प्रवास वाढला, तो थकून येतो, आणि त्याची कुरकुर काही खोटी नाही. पण हा भार कोणी किती उचलायचा हे चौघांनी बसून ठरवले, यात मला त्या घराचे शहाणपण दिसते. जागा पाहायला निघण्यापूर्वी असा कागद प्रत्येकीने करावा. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. लांबच्या भागात भाडे कमी असते आणि मन तिकडे ओढ घेते. समजा, महिना चार हजार रुपये वाचले. पण बसचा थांबा लांब म्हणून जाता-येता रिक्षाला शंभर-शंभर रुपये पडले, तर पंचवीस दिवसांत पाच हजार गेले. वेळ गेला तो निराळाच. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय अशी मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तिचे मार्ग रामवाडीपर्यंत आणि पिंपरीहून स्वारगेटपर्यंत पोहोचले. त्यामुळे लांबच्या काही जागाही आता सोयीच्या झाल्या आहेत. पण स्थानक नकाशावर जवळ दिसते म्हणून भुलू नये. स्थानकापासून घरापर्यंत पायी चालून पाहावे. वाटेत पदपथ आहे का, रस्ता ओलांडायला वाव आहे का, हातात पिशवी आणि कडेवर मूल असताना ती वाट निभेल का, हे पायांनाच कळते.

दलाल आणखी एक गोष्ट सांगतात. ‘दोन वर्षांत इथे शाळा होणार, बाजार होणार, रस्ता होणार.’ होतही असेल. अण्णासाहेब कर्वे कॉलेजचे काम सांभाळून हिंगण्याच्या आश्रमासाठी पायी ये-जा करीत, तेव्हा हिंगणे हे गावाबाहेरचे माळरान होते. आज त्यालाच आपण कर्वेनगर म्हणतो आणि तिथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही. शहरे वाढतात हे खरेच आहे. परंतु घर विकत घेणाऱ्याने पुढची वीस वर्षे पाहावीत. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. तिने आज काय आहे तेच पाहावे. उद्याच्या शाळेत आजचे मूल बसवता येत नाही.

आता पाण्याबद्दल. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी मिळते आणि त्यामुळे पुण्यात पाण्याची ददात नाही असा बाहेरगावी समज आहे. जुन्या भागांपुरता तो बराचसा खराही आहे. पण २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत आली. नाव महापालिकेचे झाले तरी सगळीकडे नळ तितक्याच वेगाने पोहोचला नाही; अशा भागांतल्या पुष्कळ सोसायट्या टँकरवर चालतात. म्हणून ‘पाणी आहे का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘आहे’ असेच येते. विचारावे, की महापालिकेचे पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे द्यावयाचे. पाणी कुठून येते हेही विचारावे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. दूषित पाण्याचा संशय आला आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतूही सापडले. त्या काळात पाणी उकळून पिण्याचा धडा सगळ्या शहराने गिरवला. नव्या जागेत गेल्यावर पहिले काही आठवडे तरी तो विसरू नये.

आणि हे प्रश्न विचारायचे कोणाला? मालकाला विचारावेत, दलालाला विचारावेत. पण खरे उत्तर मिळते ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, आणि त्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंकडे. नळ कधी आटतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गच्चीवर आणि मोरीत पिंपे किती भरून ठेवली आहेत, हे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

पाणी नसण्याचे जसे दुःख, तसे ते नको तेव्हा येण्याचेही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत काय झाले, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे, बाकीच्यांनी ऐकले आहे. ते धरण फुटण्याचे अरिष्ट होते. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री धरण फुटले नव्हते. एरवी ज्याच्याकडे कोणी वळून पाहात नाही, त्या आंबिल ओढ्याला एका पावसाने पूर आला आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत माणसे, जनावरे, गाड्या वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. म्हणून जागा पाहताना जवळपास नदी किंवा ओढा आहे का, आणि त्या वर्षी पाणी कुठवर आले होते, हे जुन्या रहिवाशाला विचारावे. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तळमजल्याची जागा असेल तर हे विचारल्याशिवाय अनामत देऊच नये. बाहेरगावच्या माणसाला ओढा दिसतही नाही. उन्हाळ्यात तो गटारासारखा असतो आणि त्यावर भिंत बांधलेली असते.

जागा एकदा पाहून पसंत करू नये. माझी रीत अशी, की वस्ती चार वेळा पाहावी. सकाळी आठला पाहावी, म्हणजे शाळेच्या आणि कचेरीच्या वेळी रस्ता किती तुंबतो ते कळते. दुपारी दोनला पाहावी, म्हणजे घर किती तापते ते कळते. जळगावला गच्चीखालच्या खोलीत एक मे महिना काढलेल्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही. दिवेलागणीला पाहावी, म्हणजे मुले कुठे खेळतात, म्हातारी माणसे कुठे बसतात ते दिसते. जिथे मुले आणि म्हातारी माणसे संध्याकाळी बाहेर दिसतात, ती वस्ती बहुधा राहण्याजोगी असते. आणि रात्री दहानंतर एकदा पाहावी. दिवे लागतात का, मंगल कार्यालयाचा कर्णा किती वाजता थांबतो, आणि बसच्या थांब्यापासून दारापर्यंत एकटी मुलगी निर्धास्त येऊ शकेल का. ही शेवटची फेरी वडिलांनी किंवा भावाने करून ‘ठीक आहे’ म्हणणे वेगळे आणि त्या मुलीने स्वतः चालून पाहणे वेगळे. पाळीवर जाणाऱ्या मुलींच्या आयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वस्ती पसंत पडली, घर पसंत पडले, की कागद करावयाचा. ‘ओळखीचे आहेत, तोंडी चालेल,’ असे म्हणू नये आणि म्हणू देऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. करार नोंदला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकिणींनीही लक्षात ठेवावे, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींची एखादी जागा भाड्याने दिलेली आहे. आता ही नोंदणी संगणकावरून घरबसल्या होते. करारात अनामत किती, ती परत कधी मिळेल, जाताना रंगाचे पैसे कापणार का, सोसायटीची वर्गणी कोणी भरावयाची आणि घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यावयाची, एवढ्या पाच गोष्टी वाचल्याशिवाय अंगठा लावू नये. आणि भगिनींनो, बाईचे नावही करारात घालावे. उद्या यजमान परगावी गेले किंवा काही बरेवाईट झाले, तर ‘तुमचा इथे संबंध काय?’ असे तिला कोणी विचारू नये.

येथवर जागा शोधणाऱ्यांसाठी बोलले. पण वस्ती म्हणजे काय? रस्ते, नळ आणि दिवे महापालिका देते. बाकीची वस्ती म्हणजे आपणच. कोणी तरी नवी सून आपल्या भागात चार वेळा फिरून जाते, तेव्हा ती आपल्यालाच पाहून जात असते. म्हणून आता थोडे आपल्याविषयी.

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात जात सांगून राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी खानावळीत ते पारशी म्हणून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथून घालवून दिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तोवर ते कमाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो वाचताना मला मारायला आलेल्या माणसांपेक्षा त्या दोन स्नेह्यांचे जास्त वाटते. ते दुष्ट नव्हते. त्यांना घरच्यांचे काय, शेजाऱ्यांचे काय, असे वाटले असेल. आपल्यासारखीच माणसे होती ती.

कारण हे अजून चालूच आहे. काठ्या नाहीत इतकेच. ‘तुम्ही कोण?’, ‘खाता काय?’, ‘एकट्याच का?’ असे प्रश्न येतात; कुणाच्या आडनावापाशी फोन बंद होतो; आणि ‘जागा आताच गेली’ असे गोड आवाजात सांगितले जाते. दोन वर्षांमागे आपल्याच भागात लातूरकडची एक परिचारिका सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जागा शोधीत होती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी. भाडे परवडत होते, नोकरी कायमची होती. पाच ठिकाणी नकार मिळाला. सहाव्या ठिकाणी मालकीणबाई तयार होत्या. पण सोसायटीच्या सभेत प्रश्न निघाला, की रात्रपाळी करणारी एकटी बाई, उद्या काही झाले तर? आपल्या मंडळाच्या तिघी त्या सभेला होत्या. त्यांतल्या एकीने उभे राहून एवढेच विचारले, ‘रात्री आपल्यापैकी कोणी दवाखान्यात असते, तेव्हा उशाशी कोण असते? तिला दिवसा निजायला घर नको का?’ सभेत बरीच बोलाचाली झाली. दोघांनी नंतर आमच्याशी बोलणे टाकले, त्यांतल्या एकांनी अजूनही सुरू केलेले नाही. पण त्या बाईंना जागा मिळाली. आपण विचाराल, पुढे त्यांनी काय केले? विशेष काहीच नाही. भाडे वेळेवर देतात, मुलाला शाळेत सोडतात, रविवारी गच्चीवर पापड वाळत घालतात. घर मिळायला एवढे पुरेसे असावे, अशी माझी समजूत आहे.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे मी दोन लहान सूचना ठेवते. पहिली अशी, की मंडळाच्या खोलीत एक वही ठेवावी. आपल्या भागात कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते, पावसात कुठे तुंबते, बालरोगाचे डॉक्टर कुठे बसतात, कोणत्या नंबरची बस कुठे जाते, रात्री दिवे कुठे नसतात, हे त्या वहीत खरे खरे लिहावे आणि दर सहा महिन्यांनी तपासावे. आपल्या गल्लीचे उणे लिहायला कमीपणा मानू नये. जागा शोधणाऱ्या कोणालाही, ती आपल्या ओळखीची असो वा नसो, ती वही वाचू द्यावी. दिवे कुठे नाहीत याची यादी हाती असली, तर ती घेऊन वॉर्ड ऑफिसातही जाता येईल.

दुसरी सूचना अशी. नवे बिऱ्हाड आले, की सामान चढत असतानाच शेजारणीने पिण्याच्या पाण्याची कळशी आणि चहा घेऊन जावे. आपली भाषा, आपला देव, आपले खाणे त्यांचे आहे की नाही, हे त्या वेळी विचारू नये. चैत्रातल्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरातल्या सगळ्या बायकांना बोलवावे. सगळ्या म्हणताना मी विधवा, एकट्या आणि अन्य धर्माच्या, सगळ्या धरते. ज्यांना कुंकू नको असेल त्यांना डाळ-पन्हे आणि तिळगूळ द्यावा. आणि सोसायटीच्या सभेत भाडेकरूविषयी बोलणे निघेल तेव्हा मंडळाच्या सभासदांनी गप्प बसू नये. सभेच्या दिवशी स्वयंपाक जरा लवकर आटोपावा, पण जावे.

तुमच्या भाचीने उद्या फोन करून ‘कुठल्या भागात जागा पाहू?’ असे विचारले, तर तिला दिवस मांडायला सांगा, पाणी विचारायला सांगा, ओढा शोधायला सांगा, चार वेळा फिरायला सांगा, कागद वाचायला सांगा. आणि मग आपल्या भागाचे नाव घ्यायचे असेल तर खुशाल घ्या. मात्र ती इथे जागा पाहायला येईल त्या दिवशी आपली दारे उघडी असतील, एवढे आपण सर्वजणी मिळून पाहू या.